बाटलीवरचं वासरू नवख्याच्या हाती देताना

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मावळात तुमच्या सहा संकरित गाई. वासरं पहिल्या दिवसापासून आईपासून वेगळी, बाटलीवर. पुण्याहून फार्महाऊसवाले येतात आणि आठ-दहा दिवसांचं वासरू मागतात. तुम्ही एकाला गोऱ्हा दिला, दुसऱ्याला कालवड. कालवड बरी आहे. गोऱ्हा पाचव्या दिवशी गेला आणि घेणारा म्हणतो, आजारी वासरू आमच्या गळ्यात मारलंत, पैसे परत द्या. तुम्ही विचारताय की पैसे द्यायचे का, आणि असल्या माणसांना यापुढे वासरू द्यायचं की नाही.

पैशांचं शेवटी बोलते, कारण ते मधल्या सगळ्यावर अवलंबून आहे. मी शिरूर तालुक्यात चोवीस वर्षं गोठा सांभाळतेय आणि आमच्या घरात वासरांचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. मीही नवख्या माणसांना वासरं विकते. पण आठ दिवसांचं विकत नाही. तुमच्या प्रश्नाची गाठ मला तिथे दिसते. गिऱ्हाईक शहरातलं होतं यापेक्षा वासरू कितव्या दिवशी गोठ्याबाहेर पडलं, याचा हिशोब आधी करा.

गाईच्या वासराला पोटात असताना आईच्या रक्तातून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि वासराच्या आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद जन्मानंतर तासातासाला कमी होत जाते. चोवीस तासांनी ते दार जवळपास बंद होतं. म्हणून तीस किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत अडीच-तीन लिटर चीक पोटात जायला हवा आणि बारा तासांच्या आत पुन्हा दोन लिटर. चीक चांगला आहे की नाही हे नुसत्या दाटपणावरून कळत नाही. ऊस आणि द्राक्षवाले साखर बघायला जो ब्रिक्स मीटर वापरतात, त्याच्यावर चिकाचा थेंब टाकून बघा. बावीस किंवा त्याच्या वर आला तर चांगला. आमच्याकडे खरवसाच्या वाट्या शेजारी जायच्या आधी वासराचं पोट भरलेलं असतं, यावर मी घरात भांडलेली आहे आणि अजूनही भांडते.

ही उसनी ताकद दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उतरायला लागते आणि वासराची स्वतःची अजून उभी राहिलेली नसते. हगवणीची बरीचशी वासरं याच काळात सापडतात. पहिल्या चार-पाच दिवसांत वेगळे जंतू, पाचव्यापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत वेगळे, तीन आठवड्यांनंतर आणखी वेगळे. आता तुमचा गोऱ्हा बघा. आठव्या दिवशी त्याला गाडीत घातला, घाटातून नेला, नवं दूध, नवी बाटली, नवी माणसं, नव्या जागेची माती. तेराव्या दिवशी गेला. तुमच्या गोठ्यात असता तर कदाचित तिथेही आजारी पडला असता, पण तुम्ही सकाळच्या शेणावरून ओळखलं असतं. त्या माणसानं ओळखलं तेव्हा वासरू आडवं झालेलं असणार.

आता परिस्थितीचा भाग. कुणाच्या गोठ्यात किती जागा, किती हात, चीक वेळेवर मिळतो की नाही, घेणारा हडपसरचा की खेड-मंचरच्या कुठल्या वाडीवर लहानपणी गुरं राखलेला, यावर सगळं बदलतं. गाई पाळलेला शेतकरी दहा दिवसांचं वासरू मागायला आला तर मी देते, त्याला माझ्यापेक्षा कमी कळत नाही. नवखा आला तर माझा नियम एकच आहे: दूध तोडल्याशिवाय नाही. अगदीच अडचण असेल, जागा नसेल, तर निदान चार आठवड्यांचं, मुठीनं भरडा खायला लागलेलं, एक हगवण झालीच असेल तर तिच्यातून बाहेर पडून आठवडा झालेलं.

तुम्ही म्हणाल, बाई, दोन महिने दूध पाजायचं कुणी? बरोबर आहे, हिशोब मांडूया. सुरुवातीला दिवसाला तीन लिटर, पुढे चार, शेवटच्या आठवड्यात कमी करत जायचं. साठ दिवसांत दोनशे-सव्वादोनशे लिटर दूध जातं. लिटरला पस्तीस रुपये धरले तर साडेसात हजारांच्या आसपास. वर पंचवीस-तीस किलो काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा तयार भरडा, आणि जंताचं औषध. आठ-नऊ हजार तर नुसते घातले. कालवड असेल तर ते पैसे आज ना उद्या वसूल होतात. गोऱ्ह्याचे होत नाहीत, आणि म्हणूनच आपण त्याला आठव्या दिवशी दारातून काढायला बघतो. हे खरं आहे आणि ते मोकळेपणानं बोलायला हवं.

गोऱ्ह्याचा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था उभी केली आणि पुढच्या वर्षांत पुणे जिल्ह्यात संकरित गाय घरोघर आली. दूध वाढलं, पण गाय दूध देते ती वेत झाल्यावरच, आणि वेतातला निम्मा वाटा गोऱ्ह्यांचा. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू टिकत नाही, चैत्राच्या उन्हात तो धापा टाकतो. त्यामुळे औताला त्याला कुणी विचारत नाही. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर वळू-बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे जो माणूस गोऱ्हा नेतोय, तो पंधरा-वीस वर्षं सांभाळायचं जनावर नेतोय. त्याला हे तुम्ही सांगितलंत का? दहा दिवसांचा गोऱ्हा बघताना कुणालाही हे सुचत नाही. तो मांडीवर डोकं टेकतो, बोटं चोखतो. तीन वर्षांनी चार-पाचशे किलोचा वळू आवारात उभा राहतो आणि शिंगावर घेतो तेव्हा फोन पुन्हा आपल्यालाच येतो. मी गोऱ्हा देताना दोन गोष्टी कबूल करून घेते: वेळेवर चिमटा लावून खच्ची करायचं, आणि शिंगाच्या कळ्या लहानपणीच डॉक्टरांकडून, भूल देऊन, काढून घ्यायच्या. नाही म्हणाला तर गोऱ्हा नाही.

शक्य असेल तर गोऱ्हे जन्मालाच कमी येतील असं बघा. लिंग वर्गीकृत वीर्य वापरलं तर दहातल्या नऊ वेळा कालवड होते. पहिलारू कालवडींना तरी ते वापरायला सुरुवात करा. विक्रीचा निम्मा डोक्याचा ताप तिथेच कमी होतो.

आता नवखा माणूस नेमकं कुठे चुकतो ते सांगते, कारण त्याचा मोठा भाग आपण न सांगितल्यानं होतो. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी सहा दिवसांची एक कालवड पानशेतच्या बाजूला प्लॉट घेतलेल्या एका कुटुंबाला दिली. चांगली माणसं. नवरा-बायको, दोन मुली, आजी. मी बाटली दिली, एक निपल दिलं, दिवसातून दोनदा दोन-दोन लिटर म्हणून सांगितलं आणि पैसे घेतले. चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला फोन. वासरू उठत नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं गेले. कालवड गेलेली होती. मी त्यांना विचारत गेले आणि प्रत्येक उत्तरात माया होती. वासरू हंबरलं की भूक लागली असेल म्हणून बाटली, दिवसाला सहा-सहा वेळा. दूध पिशवीचं, फ्रिजमधलं, कधी कोमट, कधी तसंच. हळू पितं म्हणून धाकटीनं निपलचं भोक कात्रीनं मोठं केलेलं. दुसऱ्या दिवशी शेण पातळ झालं तेव्हा पोट बिघडलं म्हणून दूध पूर्ण बंद आणि नुसती भाताची पेज. आजीनं थोडा गूळही दिला. त्यांनी माझ्या सांगण्यात काही कमी केलं नव्हतं, मी सांगितलंच कमी होतं. 'हंबरलं तरी द्यायचं नाही' हे वाक्य मी उच्चारलंच नव्हतं, कारण मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. निपल हातात घेतलं तर त्याचं भोक माझ्या करंगळीच्या नखाएवढं झालं होतं. मी ते पिशवीत घालून घरी आणलं. आजही गोठ्यातल्या फळीवर आहे, येणाऱ्याला दाखवते.

त्या भोकाचं महत्त्व कळायला हवं. बाटली उलटी धरली तर दूध थेंबाथेंबानं यायला हवं, धार लागली की समजायचं भोक मोठं आहे. वासरू चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी एक खोबण मिटते आणि दूध पहिल्या मोठ्या पोटाला वळसा घालून सरळ चौथ्या, पचनाच्या पोटात जातं. धार लागली की वासराला गिळायला फुरसत मिळत नाही. थोडं चुकीच्या पोटात जाऊन आंबतं, आणि ठसका लागून फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया. बाटली किती उंच धरायची तेही तसंच. गाईच्या सडाच्या उंचीला. वासराची मान थोडी पुढे आणि किंचित वर. माणसाला उभं राहून बाटली डोक्यावरून धरायला सोपं जातं, वासराला ते घातक असतं.

त्या कालवडीनंतर मी पद्धत बदलली. घ्यायला येणाऱ्यानं दोनदा यायचं, एकदा संध्याकाळच्या पाजण्याला आणि एकदा पहाटेच्या. मधे किमान एक दिवस जाऊ द्यायचा. पैशांचं बोलणं पहिल्या वेळी नाही, विसारही नाही. दूध तोडलेलं वासरू नेणाऱ्यालाही मी इथे दुसऱ्या एखाद्या लहान वासराला पाजायला लावते. त्यातून मला त्याचा हात कळतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बावधनहून एक ताई आल्या, मुळशीत अर्धा एकर, निवृत्त होऊन तिकडे राहायला गेलेल्या. संध्याकाळी साडेपाचला मी त्यांच्या हातात बाटली दिली. वासरानं बाटलीला अशी ढुशी दिली की त्या दोन पावलं मागे सरकल्या, आणि मग त्यांनी बाटली उंच केली. मी काही न बोलता त्यांचं मनगट धरून खाली आणलं. वासराच्या शेपटीचा गोंडा हलायला लागला, तोंडाच्या कडेला फेस आला, आणि दोन मिनिटांत बाटली रिकामी. रिकामी झाल्यावरही ते निपल सोडेना. ताई म्हणाल्या, अजून भूक आहे त्याला. मी म्हटलं, नाही, चोखायची इच्छा आहे, भूक वेगळी आणि ही वेगळी. मग मी त्यांना एक मूठ स्टार्टर हातात घ्यायला लावला आणि ओल्या तोंडात सरकवायला लावला. वासरानं तो चघळला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला कळलं की या पहाटेलाही येणार. आल्या, पावसात, पावणेसहाला. दोन महिन्यांनी त्यांनी दोन कालवडी नेल्या, दोन्ही आज सुखरूप आहेत.

दोन नेल्या हेही मुद्दाम सांगते. एकटं वासरू मी शक्यतो देत नाही. जनावर कळपातलं आहे, एकटं ठेवलं की ते माणसाच्या मागे हंबरत फिरतं आणि माणूस त्याला भूक समजतो. फक्त दोन बाटलीवरची असतील तर पाजल्यावर अर्धा तास वेगळी बांधायची, नाहीतर एकमेकांची नाळ, कान चोखत बसतात आणि नाळेला सूज येते.

पहिल्या भेटीत मी जागेबद्दल विचारते, आणि आपल्याकडे त्यातला पहिला प्रश्न बिबट्याचा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरमध्ये हे कुणाला सांगायला नको, पण मुळशी-मावळातल्या प्लॉटवाल्याला वाटतं की तारेचं कुंपण म्हणजे बंदोबस्त. बिबट्याला कुंपण अडवत नाही, आणि दाव्याला बांधलेलं वासरू पळूही शकत नाही. चारी बाजूंनी बंद, वर पत्रा, खाली फट नसलेली, जाळी पक्की असलेली जागा रात्रीसाठी असेल तरच पुढे बोलायचं. मोकाट कुत्र्यांपासूनही तीच जागा वाचवते. आणि शनिवार-रविवारीच तिथे जाणारा माणूस असेल तर रोज पहाटे आणि संध्याकाळी वासराला हात कोण लावणार, त्या माणसाचं नाव विचारा. राखणदाराचं नाव सांगितलं तर मी म्हणते, मग बाटली धरायला त्यालाच घेऊन या.

शहराच्या हद्दीतल्या बंगल्याचं बोलणं असेल तर महापालिकेचा परवाना आहे का विचारा. मी हद्दीत देतच नाही.

वसुबारस जवळ आली की फोन वाढतात. पूजेला गाय-वासरू हवं, वास्तुशांतीला हवं, मुलाच्या वाढदिवसाला हवं. पूजेला यायचं असेल तर आमच्या गोठ्यात या, मी हळद-कुंकवाचं ताट स्वतः देते, मुलांना वासराजवळ बसू देते. पण त्या दिवसापुरतं वासरू घरी नेऊ देत नाही आणि भेट म्हणून कधीच विकत नाही. ज्याच्यासाठी भेट आहे त्याला पहाटे उठायचं असतं आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. इथे नाही म्हणायला संकोच करू नका, तो माणूस दुसरीकडून घेईल म्हणून तर अजिबात नको.

वासरू देताना सोबत काय द्यावं, तर तोंडी सांगितलेलं घरी पोहोचेपर्यंत निम्मं विसरलं जातं, म्हणून मी एक पान हातानं लिहून देते. त्यात जन्मतारीख, पहिला चीक किती वाजता किती पाजला, नाळेला आयोडीन कधी लावलं, जंताचं औषध कधी दिलं, दूध किती नि किती गरम (हाताच्या मनगटावर टाकलं तर ऊबदार लागेल, चटका नाही, अडतीस-एकोणचाळीस अंश) आणि शेवटची हगवण कधी झाली. पाण्याचंही मोठ्या अक्षरात लिहिते, कारण दूध पितंय म्हणजे पाणी नको असं सगळ्यांना वाटतं. पाणी सतत समोर हवं, पाण्याशिवाय ते भरडा खात नाही आणि भरड्याशिवाय त्याचं रवंथ करायचं पोट तयार होत नाही. घास-कडबा तोंडाला लागला तरी पोट भरड्यानंच वाढतं. दिवसाला किलोभर स्टार्टर सलग तीन दिवस खाल्लं की दूध तोडायचं, तेही एकदम नाही, आठवडाभर कमी करत.

बाटलीवरचं द्यावंच लागलं तर तीन दिवसांचं आपल्याच गोठ्यातलं दूध बरोबर द्या, थंड पेटीत. चौथ्या दिवसापासून थोडं थोडं नवं दूध मिसळत जायला सांगा. दूध आणि जागा एकाच दिवशी बदलली की वासराचं पोट हमखास बिघडतं. त्याला महिन्याचा खर्चही सांगा. पिशवीच्या गाईच्या दुधाला पंचावन्न रुपये लिटर धरले तरी चार लिटरचे दिवसाला सव्वादोनशेच्या जवळ होतात. हा आकडा ऐकून जे मागे फिरतात ते आधीच फिरलेले बरे. ते पुढे दुधात पाणी घालणार असतात.

हगवणीबद्दल मात्र मी त्या माणसाकडून परत म्हणवून घेते. शेण पातळ झालं तर दूध बंद करायचं नाही. दूध चालू ठेवायचं, थोडं थोडं करून, आणि मधल्या वेळात, दुधानंतर दोन-तीन तासांनी, मीठ-साखरेचं वासरांचं पाणी दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. त्या पाण्याची पावडर डॉक्टरांकडून आधीच आणून घरात ठेवायची. रात्री काहीच हाताशी नसेल तर मेडिकलमधलं माणसांचं ओआरएस पहिल्या रात्रीला चालतं. वासरू मरतं ते जंतूंपेक्षा अंगातलं पाणी गेल्यानं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, दोन सेकंदांत सपाट झाली नाही, डोळे आत गेले, तोंडात घातलेलं बोट गार लागलं, किंवा वासरानं बोट चोखलं नाही, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. डॉक्टर बोलवायचे, सलाईन लागणार. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो पानावर सगळ्यात वर लिहा. आणि एक साधा थर्मामीटर त्यांच्याकडे असू द्या. एकशे एक ते एकशे अडीच (१०२.५) फॅरेनहाइट ठीक, एकशे तीनच्या वर गेला की ताप.

घरात लहान मुलं असतील तर हेही सांगा की वासराची हगवण माणसालाही लागू शकते. हात साबणानं धुवायचे, वासराचे पापे घ्यायचे नाहीत, बाटली स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुवायची नाही.

कागदाचं थोडक्यात. कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करायची नाही असा नियम राज्यात जून २०२४ पासून आहे, तेव्हा बिल्ला मारून, दवाखान्यातून नोंद घेणाऱ्याच्या नावावर करूनच वासरू द्या. त्या नोंदीचा नवख्याला दुसरा फायदा असा की त्याचं नाव दवाखान्यात जातं आणि लाळ्या-खुरकुताचं लसीकरण आलं की त्याला कळतं. पहिली लस चार महिन्यांची झाल्यावर, घटसर्प-फऱ्याची सहा महिन्यांनंतर पावसाळ्याआधी, आणि कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची, आयुष्यात एकदाच. २०२२ मध्ये लंपी आली, बाजार बंद झाले, तेव्हा ज्यांची कुठेच नोंद नव्हती त्यांच्यापर्यंत लस पोहोचवायला वेळ लागला. माझ्याकडून गेलेली दोन वासरं त्यात होती.

विकल्यावर मी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी स्वतः फोन करते. शेणाचा फोटो मागवते. लोकांना आधी विचित्र वाटतं, नंतर तेच पाठवायला लागतात. आणि दहा दिवसांत जमलं नाही तर वासरू परत आणा, अर्धे पैसे देते, कारण विचारणार नाही असं आधीच सांगते. परत आलेलं वासरू मात्र सरळ कळपात सोडू नका. पंधरा दिवस लांब, त्याची बादली वेगळी, आणि त्याच्याकडे जायचं ते आपल्या वासरांचं सगळं काम झाल्यावर. बाहेरून काय घेऊन आलंय ते कळेपर्यंत.

फुकट कधी देऊ नका. गोऱ्हा आहे, पैसे नकोत, घेऊन जा असं म्हटलं की हो म्हणायला कुणालाच विचार करावा लागत नाही. मी दूध तोडलेल्या गोऱ्ह्याचे घातलेल्या खर्चाच्या निम्मे तरी घेते. तेवढे द्यायची तयारी असलेला माणूस औषधालाही पैसे काढतो. तुमच्याकडे एवढ्या वासरांना दूध परवडत नसेल तर डबा बंद मिल्क रिप्लेसरचा, म्हणजे दुधाऐवजी पाजायच्या पावडरीचा, हिशोब करून बघा, तो आमच्याकडे दुधापेक्षा स्वस्त पडतो. पण तीन आठवड्यांच्या आधी नको, आणि डब्यावर लिहिलेल्या मापापेक्षा पातळ कधीच नको.

आता तुमचे पैसे. गोऱ्हा तुमच्याकडून निघाला तेव्हा आजारी होता की नाही हे आज कुणीच सिद्ध करू शकत नाही, त्यावर वाद घालू नका. तुम्ही तुमच्याकडचं एक तपासा: त्याला पहिला चीक किती वाजता आणि किती मिळाला होता? आठवत नसेल किंवा सहा तासांनंतर मिळाला असेल तर पूर्ण पैसे परत द्या. चीक वेळेवर मिळाला असेल तरी निम्मे द्या, कारण आठ दिवसांचं वासरू नवख्याला देण्याचा निर्णय तुमचा होता, त्याला तर दहा दिवस आणि साठ दिवस यातला फरकही माहीत नव्हता. पैसे देताना त्याला विचारा, शेण कधी पातळ झालं, रंग कसा होता, काय पाजलं, किती वेळा. रागात असेल तरी सांगेल. ते सगळं लिहून घ्या. शेण पहिल्या-दुसऱ्या दिवशीच बिघडलं असेल तर लागण तुमच्याच गोठ्यात झालेली असण्याची शक्यता जास्त, आणि मग ती तिथे अजून आहे.

म्हणून आज संध्याकाळी त्याच आठवड्यात जन्मलेल्या बाकीच्या वासरांचं तापमान घ्या, शेपटीखाली बघा, ज्या जागी गोऱ्हा बांधला होता ती जागा धुऊन चुना मारा आणि आठवडाभर तिथे कुणाला बांधू नका. ज्यांनी कालवड नेली त्यांनाही फोन करा. तिचा आता तिसरा आठवडा चालू असेल.